ताईचं सोंग

त्या दुपारी मंदाताई बेलवलीला आमच्या दारात उभी राहिली... हातात कपड्यांची पिशवी, आणि कडेवर बाळ नाही. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात होते.

ताई उल्हासनगरला दिलेली. तिथे जीन्स शिवायच्या एका कारखान्यात ती मशीनवर बसायची. बाळ रांगायला लागलं तसं त्याला सासूबाईंकडे ठेवून ती पुन्हा कामाला जाऊ लागली होती.

आदल्या दिवशी बाळ पलंगावरून पडलं. ताई त्याच खोलीत, पाठमोरी, तांदूळ निवडत बसलेली. बाळ रडत होतं आणि ही निवडतच होती... मोरीतून सासूबाई धावत आल्या. बाळाला फार लागलं नाही, पण त्यांनी निकाल देऊन टाकला. "सोंग संपलं की ये. तोवर पोरगं माझ्यापाशी राहील."

सोंग हा शब्द त्या घरात बरेच महिने फिरत होता. बाळंतपणानंतर ताईला घरातल्या हाका ऐकू येईनाशा झाल्या होत्या. पण कारखान्यात मात्र सगळं ऐकू यायचं... तिच्या शेजारच्या मशीनवरची बाई त्यांच्याच गल्लीतली. तिने सासूबाईंना सहज सांगून टाकलं होतं, "मावशी, तिथे खडखडाटात शेठ काय बोलतो ते आम्हाला कळत नाही. मंदा बरोबर जबाब देते."

मग सासूबाईंना विषयच मिळाला. "शेठचं ऐकू येतं, सासूचं नाही. निवडक कान आहे बाईचा."

खरं सांगायचं तर आमच्या घरातही शंका होती. बाबा आनंदनगरच्या एका कारखान्यात पत्रा ठोकायच्या प्रेसवर होते, तिथे कान गेलेली माणसं त्यांनी पाहिली होती. ते म्हणाले, "बहिरा माणूस ओरडून बोलतो. आमच्याकडचे दोघं बोलले की अख्खं डिपार्टमेंट ऐकतं. ही तर कुजबुजते."

"म्हणजे तुम्हालापण पोरगी खोटारडी वाटते?" आईने विचारलं. ताई आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत होती... "मला नाही येत ऐकू," ती म्हणाली. इतकं हळू, की आईला पुढे वाकावं लागलं.

आईने तिला अंबरनाथला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, सोबत मी. बाईंनी दोन पायांचा एक लोखंडी काटा आपटून झणझणता केला. आधी तो ताईच्या कानासमोर धरला, मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला. कुठे मोठा ऐकू येतो, असं खुणेने विचारलं.

ताईने मागे बोट दाखवलं. मग बाईंनी तोच काटा मला लावून पाहिला. मला कानासमोर मोठा ऐकू आला, मागे बारीक.

बाईंनी ताईजवळ सरकून मोठ्याने विचारलं, "गोंगाटात जास्त बरं ऐकू येतं का?" ताईने मान खाली घातली... चोरी पकडली गेल्यासारखी. ते पाहून बाईंनी हातातला काटा खाली ठेवला. मग आईला म्हणाल्या, "पुढच्या वेळी जावईबापूंना आणा."

दाजी आले. सासूबाईही आल्या, बाळाला घेऊन. दवाखान्याच्या बाकावर बाबांचा आणि दाजींचा जयभीम झाला, तेवढाच. बाळाने ताईकडे हात केले, तर सासूबाईंनी त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

बाईंनी कानाचं चित्र समोर ठेवलं. पडद्याच्या आत तीन हाडं असतात... हातोडी, ऐरण आणि रिकीब, म्हणजे घोडेस्वार पाय अडकवतो तशी. ही रिकीब तर तांदळाच्या दाण्याहून लहान. आवाज आला की ती हलून तो आतल्या शंखाकडे पोचवते, शंखापासून पुढे नस. ताईची रिकीब बाजूच्या हाडात घट्ट बसली होती. नस चांगली, शंख चांगला, म्हणूनच हाडावर टेकवलेला काटा तिला मोठा ऐकू आला, पण दारच उघडत नव्हतं. हा आजार बाळंतपणानंतर कधीकधी वाढतो, म्हणाल्या.

"मग कारखान्यात कसं ऐकू येतं?" सासूबाईंनी विचारलंच.

"तिथे खडखडाटावर सगळे ओरडूनच बोलतात ना? तो खडखडाट तुम्हाला आड येतो, हिच्यापर्यंत तो फारसा पोचतच नाही. ओरडणं तेवढं पोचतं."

"आणि बोलते ती हळू?" हे बाबांनी विचारलं.

बाईंनी दाजींना दोन्ही कानांत बोटं घालायला लावली. आणि मग खूण केली... बोला.

"काय बोलू?" दाजी म्हणाले आणि दचकले. पुढचं वाक्य त्यांचं आपोआप खाली आलं. "मंदा... मोठा येतो गं, आपलाच..." शेवटचे शब्द तर आम्हाला ऐकूही आले नाहीत. स्वतःचा आवाज हाडांतून आत जातो, बाहेरची वाट बंद झाली की तो जास्तच घुमतो, म्हणून माणूस हळू बोलायला लागतो... हे बाईंनी नंतर सांगितलं. तोवर दाजींना कळलं होतं. त्यांनी बराच वेळ कानांतली बोटं काढली नाहीत.

सासूबाई माफी वगैरे मागणाऱ्यांतल्या नव्हत्याच. त्या उठल्या, ताईच्या खांद्याला हात लावला, तिने वर बघेपर्यंत थांबल्या आणि बाळ तिच्या मांडीवर दिलं. "घरी चल," म्हणाल्या... तोंड नीट दिसेल असं.

पुढे मुंबईला ताईच्या एका कानाचं ऑपरेशन झालं, ऐकू येऊ लागलं. त्या डॉक्टरीणबाईंचे आभार मी अजून मनात मानते. त्यांनी नुसता आजार ओळखला नाही, तिच्याविरुद्धचे दोन्ही पुरावे तिच्या बाजूने उभे केले.

सासूबाई मात्र शेवटपर्यंत आधी खांद्याला हात लावायच्या, मगच बोलायच्या. आता नुसती हाक पुरते, हे ताईने त्यांना कधीच सांगितलं नाही.