तीन तोंडांची कादंबरी आणि आबांचा निवाडा

एकाच कादंबरीत तीन माणसांनी आळीपाळीनं 'मी, मी' म्हणत बोलावं, या पद्धतीला माझा कडाडून विरोध आहे. या विरोधाला साहित्यशास्त्राचा आधार नाही. वराळ्याच्या आबांचा आहे.

आबा म्हणजे माझे सासरे, गावचे पाटील. गावातल्या भांडणांचा निवाडा त्यांच्या ओसरीवर व्हायचा. एकाच बाजूचं ऐकून आपण उभ्या जन्मात निवाडा दिला नाही, याचा त्यांना केवढा अभिमान! मी लोणावळ्याला शाळामास्तर. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची ही गोष्ट. लग्नानंतरची पहिली दिवाळी म्हणून यमुना आणि मी वराळ्याला गेलो होतो. भाऊबीज झाली की आबांनी लेकीला माझ्याबरोबर परत पाठवायचं, असं ठरलं होतं. तोवर सासुरवाडीवर छाप पाडायची, एवढंच माझं काम!

त्यासाठी मी एक कोरी करकरीत कादंबरी नेली होती. पाडव्याच्या दुपारी ओसरी माणसांनी भरली आणि मी सूर लावला. पहिलं प्रकरण: 'मी माधवराव. माझ्यासारखा सरळ नवरा त्रिभुवनात नसेल. पण बायको कजाग! भरल्या घरातून रुसून माहेरी गेली...' मी असं काही रंगवून वाचलं, की आबांनी मांडीवर थाप मारली.

"चूक बाईची! तिनं गुमान नांदाया जावं. निवाडा झाला!"

सगळ्या ओसरीनं माना डोलावल्या. मी पान उलटलं. 'मी सरस्वती. माझा नवरा दुधाच्या कपाटाला कुलूप घालतो आणि किल्ली करगोट्याला बांधून हिंडतो...'

आबांच्या हातातला अडकित्ता खाली पडला.

"जावईबापू, ह्ये मगाशी का न्हाई सांगितलं?"

"आबा, ते दुसरं प्रकरण आहे."

"आन् आमी निवाडा देऊन बसलो की!"

"अहो, पण ही खरी माणसं नाहीत!"

"निवाडा तर खरा व्हता न्हवं?"

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मला खरंच वाईट वाटलं. (इथं मी पुस्तक मिटायला हवं होतं. पण मास्तराला गप्प बसवतं कोण?) मी समजूत घालू लागलो, "आबा, यातली गंमतच ती आहे. घडतं एकच, पण जो तो आपल्यापरीनं सांगतो. पुढं तर सासूही बोलते. म्हणून सगळ्यांचं ऐकून घ्यावं!"

आबांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मंग परवा तुमी सांगितलं, ते पयलं परकरण व्हय?"

परवा आम्ही फार उशिरा पोचलो होतो, आणि गाडीच लेट झाली असं मी ठोकून दिलं होतं. तळेगावला स्टेशनाबाहेर छकडा घेऊन ताटकळलेल्या आबांनी त्याच पावली स्टेशनमास्तरला भर फलाटावर झाडलं होतं!

"यमे, भाईर ये! दुसरं परकरण सांग."

यमुना पिठाच्या हातानं दारात आली. मी डोळ्यांनी केवढ्या विनवण्या केल्या!

"गाडी येळेवरच व्हती, आबा," ती खाली मान घालून म्हणाली. "तळेगाव आलं तवा ह्यांचं ह्येच पुस्तक चाललं व्हतं. मी हाका मारल्या, तर म्हनले, एवढं पान होऊ दे. पान व्हईस्तवर चिंचवड आलं! तितनं उलट्या गाडीनं आलो. पेटी मी धरली. ह्यांच्या हातात पुस्तक व्हतं."

भर ओसरीत, माझी बायको, माझ्याविरुद्ध, असं घडाघडा! तेवढ्यात सासूबाई पुढं सरसावल्या.

"सासूचंबी परकरण हाय म्हनं? मंग ऐका. जावईबापू माज्या करंज्या लय ग्वाड म्हनत्यात, आन् गोठ्यात जाऊन बैलाला चारत्यात. म्या बघितलंय!"

(त्या कादंबरीत बैलाचं प्रकरण नव्हतं, हे माझं नशीब.)

"जावईबापू, तुमचं काय म्हननं?" आबांनी विचारलं. तीन तोंडांनी बोलणाऱ्या मला माझं स्वतःचं एक तोंड उघडेना. आता आबा यमुनाला ठेवून घेतात की काय, अशी धास्ती वाटली.

"भाऊबीज झाली की यमी नांदाया यील," आबांनी निवाडा दिला. "पर आदी टेसनमास्तराची माफी आपन दोगांनी मागायची. आन् पुस्तक यमीच्या पेटीत, पेटी तुमच्या डोक्यावर!"

तळेगावच्या फलाटावर आबांनी पागोटं उतरवून त्या स्टेशनमास्तरला हात जोडले. मला लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. मलाही हात जोडायचे होते, पण पेटी कोण धरणार?

तेव्हापासून मी एकाच माणसानं सांगितलेल्या कादंबऱ्या वाचतो. त्यात सांगणाऱ्याचं सगळं खरं असतं आणि मध्ये कुणी बोलत नाही. ही आठवणही मी तशीच लिहिली. काल यमुनानं ती वाचली आणि कागद माझ्या हातात परत दिले.

"चिंचवड मी तेव्हा सांगितलं, आबांपुढं तुमची अब्रू राहावी म्हणून," ती म्हणाली. "आता तरी खरं लिहा! पुण्याला गाडी रिकामी झाली, डबा झाडायला माणूस आला, त्यानं पाय वर घ्या म्हटलं, तर तुम्ही पाय वर घेऊन वाचतच बसलात!"