हरताळाखालचे नाव

माझा थोरला भाऊ एकच, पण आमच्या घरात दादा दोन होते. होळीनंतरचा दादा श्रीमंतांच्या वाड्यातला चौघडा वाजायच्या आत उठून, आंघोळ उरकून, गात गात बोरू तासायला बसे. दिवाळी सरली की दुसरा दादा माडीवर घोंगडी डोक्यावरून घेऊन पडे आणि वहिनीने घास पुढे केला तरी भिंतीकडे तोंड फिरवी.

आम्ही शनिवार पेठेतले, पोथ्या नकलून देणारे. आबा, म्हणजे आमचे वडील, मूळ पोथी वाचत, दादा लिही आणि मी लिहिलेले तपासून चुका काढी. दुसऱ्याच्या चुका काढण्याचे काम पुण्यात हौसेनेही पुष्कळ जण करतात. मला त्याचे दोन वेळचे जेवण मिळे, इतकेच.

खुशीतला दादा म्हणजे घरबसल्या तमाशा. एकदा ओंकारेश्वराच्या घाटावर स्नानाला गेला आणि भेटेल त्याला पुरणपोळीचे आमंत्रण देऊन आला. दुपारी अंगणात चाळीस माणसे आणि चुलीवर पाच जणांचा भात. वहिनी पळी हातात घेऊन म्हणाली, "अहो, ओंकारेश्वराला तेवढं बोलवायचं राहिलं." दादा लगेच उपरणे खांद्यावर टाकून निघाला. त्याला दारातून ओढून आणताना माझा सदरा फाटला. त्या दिवसांत त्याचे अक्षर बोराएवढे होई आणि समासात तो मूळ ग्रंथकाराच्याच चुका काढू लागे. एका सरदारांच्या कारभाऱ्यांनी पोथी परत धाडली आणि निरोप दिला, "आम्ही नक्कल मागितली होती, ग्रंथकाराची खरडपट्टी नव्हे."

घोंगडीतल्या दादाला पाहायला मात्र उंटावरचे शहाणे रांगेने येत. कोणी म्हणे आळस आहे, कोणी म्हणे दृष्ट लागली. "दुखतंय तरी कुठं?" असे मीही त्याला चिडून विचारी. तो म्हणे, "कुठंच नाही रे." या उत्तराचा मला फार राग येई. आज त्या रागाची लाज वाटते.

एका वर्षी मार्गशीर्षात तो पंधरा दिवस धड जेवला नाही आणि आबांचा धीर सुटला. त्यांनी मांत्रिक बोलावला. त्याने दादाभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि सांगितले, "भुतं दोन आहेत. एक हसरं, एक रडकं."

"मग रडकं तेवढं न्या," वहिनी म्हणाली, "हसऱ्याची आम्हाला सवय आहे."

मांत्रिकाला विनोद कळला नाही. अमावास्येला तो दादाला आपल्या नदीपलीकडच्या ठाण्यावर नेऊन तीन दिवस खांबाला बांधणार होता. निंबाच्या ओल्या फोकांनी झोडले की भूत सुटते म्हणे. आदल्या वर्षी तिथून आलेला एक सुतार मी पाहिला होता. त्याचे भूत सुटले की नाही ठाऊक नाही, वाचा मात्र गेली होती. अमावास्येला चार दिवस होते, आणि आबांपुढे बोलायची आमच्या घरात कोणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दादाने पडण्याआधी कशीबशी पुरी केलेली पोथी तपासायला घेतली. आमच्या धंद्यात अक्षर चुकले की त्यावर पिवळ्या हरताळाचा लेप द्यायचा आणि वाळल्यावर वरून नीट लिहायचे. शेवटच्या पानावर लिहिणाऱ्याने आपले नाव, गाव, तिथी घालायची. दादाने गाव लिहिले होते, तिथी लिहिली होती. नावावर हरताळ होता आणि वर काहीच लिहिलेले नव्हते. मी म्हटले, धन्य! हा स्वतःचे नाव लिहितानाही चुकला. काय चुकला ते बघावे म्हणून पान उन्हात धरले. लेपाखालचे नाव दिसले. काना, मात्रा, वेलांटी, सगळे बरोबर. खोडण्याजोगे त्यात काहीही नव्हते.

मला तिथेच रडू फुटले.

मग सुचेल ते केले. ते नाव फारच बारीक अक्षरात होते; दादाचे अक्षर असे कधी कधी होते ते बघावे म्हटले. दादाला रोज लिहायला बसताना समासात तिथी टाकायची सवय होती, आणि त्याची बिघडलेली पाने पाठकोरी म्हणून आम्ही जपून ठेवत असू. मागल्या तीन वर्षांची पाने मी ओळीने लावली. चैत्रात अक्षर बोराएवढे, श्रावणात बेताचे, कार्तिकापासून बारीक होत होत, पौषात कधी उठून लिहिलेच तर मोहरीएवढे. तिन्ही वर्षे तसेच. ती पाने काखोटीला मारून मी सदाशिव पेठेतल्या वैद्यबुवांकडे धावत गेलो. त्यांचे औषध कडू आणि जीभ त्याहून कडू, म्हणून लोक अगदी गळ्याशी आल्यावरच त्यांच्याकडे जात.

त्यांनी पाने दोनदा पाहिली. म्हणाले, "भूत नव्हे हे. इतकं वेळेवर येणारं भूत पुण्यात असतं, तर लोकांनी त्याला नोकरीला ठेवलं असतं."

ते तडक आमच्या घरी आले. आबा म्हणाले, "अहो, पण आपण इलाज करत बसलात तर पेठेत लोक काय म्हणतील?"

"जे आत्ता म्हणताहेत तेच. हिवताप झोडपून उतरवता का? तो अंगाचा आजार, हा मनाचा. येतो, उतरतो, पुन्हा येतो. याला एकटं ठेवू नका, उन्हात बसवा, रोज डोक्याला ब्राह्मीचं तेल घाला. आणि खुशीत आला की घाटावर एकटा सोडू नका."

"म्हणजे हा मुद्दाम करत नाही?" आबांनी विचारले.

"मुद्दाम पंधरा दिवस उपाशी राहून दाखवा," वैद्यबुवा म्हणाले आणि जोडे घालून निघून गेले.

घोंगडी हलली. दादाने तोंड बाहेर काढले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. सगळे ऐकले होते त्याने. लहान पोराने विचारावे तसे त्याने आबांना विचारले, "आजार आहे होय हा? मला वाटलं, मीच वाईट आहे."

वहिनीने तोंडाला पदर लावला.  आबा मला म्हणाले, "मांत्रिकाला सांगून ये, येऊ नकोस म्हणावं." वहिनीने आणलेली तेलाची वाटी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली आणि आयुष्यात कोणाच्या डोक्याला तेल न लावलेले माझे वडील दादाच्या मागे मांडी घालून बसले. पहिलीच धार दादाच्या कानात गेली.

"आबा, कान," दादा म्हणाला.

"गप्प बस," आबा म्हणाले. "मान खाली कर. माझ्या पोराला वाईट म्हणतोस?"