डाव्या सीटवरचं कव्हर

आमच्या अप्पांची गाडी दोनच माणसांची. मागं सीट नाही, वर छप्पर नाही, आणि दारं इतकी बुटकी की बसल्या जागेवरून हात खाली सोडला तर रस्त्यावरचा खडा उचलता यावा. जुनी विलायती, उघडी, हिरव्या रंगाची. एका बंद पडलेल्या गिरणीच्या बंगल्यामागं ती गंजत पडली होती. अप्पांनी ती भंगारात जायच्या आधी उचलली आणि कापडाचं दुकान सांभाळत वर्षानुवर्षं तिच्यावर जीव पाखडला. नातेवाईक म्हणायचे, दुकानदार माणसाला हे कसलं खूळ. अप्पा म्हणायचे, खूळ तर खूळ, कुणाच्या बापाचं काय जातंय.

उजवीकडं अप्पा, डावीकडं अव्वा. आमच्या घरात कानडी आणि मराठी एकाच दमात बोलतात, आईला आम्ही अव्वाच म्हणतो. दर रविवारी दोघं कुंभारी गावातल्या आमच्या शेतावर जायची. मी लहान होते तोवर अव्वाच्या मांडीवर, मग मोठी झाल्यावर घरी. अव्वाची बसायची एक तऱ्हा होती. आधी गाडीकडं पाठ करायची, सीटवर टेकायची, मग निऱ्या आवरून पाय आत घ्यायची. डोक्यावरचा पदर दातात धरायचा. "ही गाडी हाय का परात?" असं दर वेळी म्हणायची आणि दर वेळी बसायची. गुडघे धरले तेव्हापासून अप्पा वळसा घालून येत आणि तिचा हात धरून तिला बसवत.

गेल्या उन्हाळ्यात अप्पा लिंगैक्य झाले. आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. बसवतात, बसलेलंच नेतात आणि बसलेलंच मातीत ठेवतात. सगळ्यांनी ट्रॅक्टरची ट्रॉली सजवायला घेतली होती. मी म्हटलं, अप्पा त्यांच्या गाडीतून जातील. बरीच कुजबुज झाली, पण मठाच्या स्वामींनी होकाराची मान हलवली आणि विषय संपला. ती गाडी चालवता येणारी, अप्पांमागं, मी एकटीच. म्हणून अप्पांना डाव्या सीटवर बसवलं, पाठीशी धोतर बांधून आधार दिला, आणि मी पहिल्या गिअरमध्ये शेतापर्यंत त्यांना घेऊन गेले. सगळं गणगोत पुढंमागं चालत होतं. अव्वाला बायकांनी मागच्या जीपमध्ये बसवलं होतं.

त्या दिवसापासून ती डावी सीट अप्पांची झाली. माझ्या आत्याने तिच्यावर अप्पांचा फोटो ठेवला, हार घातला, सकाळ-संध्याकाळ उदबत्ती सुरू केली. भेटायला येणारे लोक चपला काढून दारातूनच नमस्कार करायचे. मलाही ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू? सासरहून, जुळे सोलापुरातून, मी रोज यायचे ती आधी अंगणातल्या शेडखाली गाडीकडं, मग घरात.

एका रविवारी सकाळी अव्वाने लुगडं बदललं, बाहेर आली आणि डावीकडचं दार उघडलं. आत्या धावलीच. "वैनी, काय करताय? तितं दादा बसलेत की." अव्वाने दार लावलं, "बरं," म्हणाली आणि आत जाऊन शेंगा फोडत बसली. त्या गाडीत ती पुन्हा कधी बसणार की नाही, हा खरा प्रश्न होता. तो घरात कुणीच विचारला नाही. आत्या तर उलट म्हणाली, बाई गं, वैनीला काही सुचेनासं झालंय.

आणि मी काय केलं? कव्हर शिवायला टाकलं.

गाडीचं छप्पर कधीच कुजून गेलं होतं. अप्पा वरून एक जुनी चादर टाकायचे आणि कडा आत खोचायचे, पण त्यातून धूळ जायची, मांजर जाऊन झोपायचं. सीट कव्हर शिवणाऱ्या एका चाचांना मी बोलावलं. ते म्हणाले, असल्या गाड्यांना बसायच्या जागेवर कापडाचं कव्हर असतं, काचेपासून सीटच्या पाठीपर्यंत ताणलेलं, कडेनं टिचबटणं, मधोमध चेन. चेन उघडली की पाहिजे ती बाजू दुमडायची आणि बसायचं. मी म्हटलं, चाचा, उजवी बाजू तशीच करा, मला चालवायला. डावी मात्र कायमची बंद. बटणं नकोतच, रिबिटा मारा, पुन्हा निघायलाच नको. फोटो मग आत घरात लावू, पण त्या जागेवर कुणी बसायचं नाही.

"हौ," चाचा म्हणाले. "बडे आदमीकी जगा है."

मला ते ऐकून भरून आलं. वाटलं, बापासाठी काहीतरी केलं.

पंधरवड्यानं चाचा जाड काळा कॅनव्हास शिवून घेऊन आले. ऐन दुपारची वेळ त्यांनीच मागितली होती. तापलेलं कापड ताण घेतं, म्हणाले, सकाळी बसवलं तर दुपारी लोंबेल. गाडी शेडबाहेर काढायला लावून, बॉनेटवर पसरून त्यांनी ते उन्हात तापू दिलं. मग काचेच्या कडेपासून सुरुवात. अंगठ्यानं कड चाचपायची, खडूची खूण करायची, बटण दाबायचं, पुढं सरकायचं. स्टिअरिंगवर कापडाचा फुगा नीट बसेना म्हणून एकदा सगळं सोडलं, पुन्हा ताणलं. उजवी बाजू ढोलकीच्या चामड्यासारखी बसली. मी चेन वरखाली करून पाहिली. सुरेख.

मग ते डावीकडं वळले. चपला काढल्या. फोटो दोन्ही हातांनी उचलून आत्याकडं दिला. गाडीच्या कडेची तिकडची मूळची बटणं काढून त्याच भोकांत रिबिटा मारायच्या होत्या. कापड ताणून त्यांनी सीट पार झाकून टाकली आणि रिबिटाची पक्कड घेतली. आत्याने हात जोडले. मीही जोडले.

अव्वा उंबऱ्यात उभी होती. कधीची ते मला माहीत नाही. पायरी उतरून ती उन्हातून अनवाणीच गाडीपर्यंत आली आणि कापडावर हात ठेवला, बरोबर सीट होती तिथं.

"ना यल्ली कूडली?" ती मला म्हणाली. मी कुठं बसू?

आत्या म्हणाली, "वैनी, ती दादांची जागा..."

"त्यांची जागा ती," अव्वाने स्टिअरिंगकडं बोट केलं. "ही माजी हाय. एक दिवस त्येंना दिली. तुमी कायमचीच देऊन टाकली व्हय गं?"

इतकी वर्षं जिला त्या सीटवर बघत वाढले, तिच्याच जागेवर रिबिटा मारायला मी माणूस आणला होता आणि वर हात जोडून उभी होते. चाचांनी पक्कड पिशवीत टाकली. मग त्यांनी डब्यातली टिचबटणं काढली आणि डाव्या बाजूला एकेक करून बसवली. आत्या फोटो छातीशी धरून आत गेली. रडत होती, पण आली नाही पुन्हा अडवायला.

उन्हं कलल्यावर मी चेन पूर्ण उघडली, दोन्ही बाजू दुमडून मागं सारल्या आणि वळसा घालून अव्वाचा हात धरला. ती पाठमोरी झाली, टेकली, पाय आत घेतले. मी विचारलं, कुठं जायचं?

"त्या दिवशी त्येंना जिकडनं नेलंस, तिकडनंच ने. मला जीपमदनं कायबी दिसलं न्हाय गं. नुसती लोकांची डोकी."

मठासमोर मी गाडी थांबवली. तिने विचारलं, इथं काय केलं? मी सांगितलं, इथं स्वामींनी कपाळाला विभूती लावली. पुढं दुकानासमोर थांबले. इथं? इथं हमालांनी हार घातला, त्यातला थोरला हमाल लई रडला. ती ऐकत होती, मान हलवत होती. "व्हय," म्हणायची, "चल पुढं." अक्कलकोट रस्त्याला लागल्यावरही मी पहिला गिअर सोडला नाही. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून निघून जात होत्या, आणि मी अव्वाला कुठं काय झालं ते सगळं सांगत शेतापर्यंत घेऊन गेले.