दोघंच जाऊ म्हणतो

सुनेसाठी ट्रंकेतून तपकिरी स्वेटर काढला आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी नांदेडचं आमचं जुनं स्वयंपाकघर आठवलं. लग्नानंतरचा पहिला हिवाळा. मनालीजवळच्या एका खेड्यातल्या लॉजवर जायचं आम्ही नवराबायकोनं ठरवलं होतं. पण आमच्यात सहल म्हणजे जीप भरून सगळं घर. शेवटी भाकरी थापता थापता मीच सासूबाईंना म्हणाले, “आत्या, आम्ही दोघंच जाऊ म्हणतो.”

“कामून? बर्फात घसरायला?”

“न्हाई. शेकोटीपाशी बसून बोलायला. इथं कुठं बोलणं होतं?”

हे मान खाली घालून जेवत राहिले. आत्यांनी तव्यावरची भाकरी उलटली, हात पुसले आणि अंगातला स्वेटर काढून माझ्या मांडीवर ठेवला.

आज सून सहज म्हणाली, “आई, आम्ही दोघंच चाललोय.” तोच स्वेटर तिच्या हातात दिला. हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा मी बोलले होते, एवढं मात्र तिला ऐकवलं.