फाटकाच्या दोन बाजू आणि मधली मी

“सांगा की मॅडम, ही बाई भांडी घासायला येती म्हणून.” संस्थेचे सचिव माझ्या कानाशी येऊन म्हणाले.

फाटकाबाहेर सुमनबाई उभी होती. हातात प्लास्टिकच्या बाटलीत काकवी. फाटकाला आतून कुलूप. आणि माझ्या शेजारी उभी असलेली एमा इंग्रजीत विचारत होती, “ही कोण?”

मी दुभाषी. लातूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झाले, आता मुलाकडे नांदेडला असते. परदेशी पाहुणे आले की मला बोलावणं येतं. कामाचा नियम साधा आहे. समोरचा बोलेल तेवढंच दुसऱ्या भाषेत सांगायचं. काही गाळायचं नाही, पदरचं घालायचं नाही.

देगलूरकडच्या या संस्थेत युरोपातून सहा व्हॉलंटियर आले होते. दोन आठवडे मुलींबरोबर राहायचं, गाणी शिकवायची, चित्रं काढायची, फोटो काढायचे. प्रत्येकाला एकेक मुलगी नेमून दिलेली. एमाच्या वाट्याला पूजा आली होती, आठ वर्षांची. एमाला ‘ममा’ म्हणायचं, हे पूजाकडून संस्थेने आधीच घोकून घेतलं होतं.

रस्त्यावरची पाटी मराठीत होती, ‘मुलींचे वसतिगृह’. आतल्या हॉलमध्ये पाहुण्यांसाठी इंग्रजी बॅनर, त्यावर ‘ऑर्फनेज’, म्हणजे अनाथाश्रम. मुलींच्या आयांना इंग्रजी वाचता येत नाही, पाहुण्यांना मराठी. दोन्ही वाचू शकणारी त्या आवारात दोनच माणसं, सचिव आणि मी. मी पहिल्याच दिवशी दोन्ही वाचलं आणि गप्प बसले.

नुसती गप्प बसले असते तरी एक वेळ ठीक. त्याच दिवशी एमाने पूजाला विचारलं, घरी कोण कोण आहे? पूजा म्हणाली, “माय हाय, बाबा हायत. ऊस तोडायला गेलेत. पाडव्याला येतेत.”

सचिव हसले. “तेवढं सोडा मॅडम. पोरगी काहीबी बोलती.”

मी सोडलं. पूजाला चित्रं काढायला आवडतात, असं काहीतरी एमाला सांगून मोकळी झाले. पाहुण्यांसमोर तमाशा कशाला, असं मनाला समजावलं. त्या भित्रेपणाची मला आजही चीड येते.

चौथ्या दिवशी सकाळी एसटीत सुमनबाई माझ्या शेजारी येऊन बसली. बोलता बोलता कळलं, ही पूजाची आई. “कारखान्याची मशीन बिघडली, दोन दिस तोड बंद हाय,” ती म्हणाली. “मुकादमाच्या लई पाया पडले तवा सोडलं त्यानं. सांजच्या गाडीनं वापस जायचंय. चार महिने झाले लेकीला बघून.” गुऱ्हाळावरून घेतलेली काकवीची बाटली तिने सगळ्या वाटेत मांडीत धरली होती, सांडेल म्हणून.

आम्ही एकत्रच उतरलो. वॉचमनने मला आत घेतलं आणि तिला बाहेर ठेवलं. पाहुणे गेल्यावर ये म्हणाला. म्हणजे दहा दिवसांनी. ती हलेना, तेव्हा सचिव आले. मागोमाग एमा आली, पूजाचा हात धरून.

“ती पूजाची आई आहे,” मी सचिवांना म्हणाले.

“म्हाईत हाय मला! पण ह्या लोकान्ला काय सांगू? त्यांच्यामुळं पोरीन्ला दूध मिळून राह्यलं, वह्या मिळून राहिल्यात. एक डाव नाही भेटली तर काय बिघडतंय?”

मी उत्तर देत नाही म्हटल्यावर एमाने थेट पूजालाच विचारलं. मी तो प्रश्न मराठीत सांगितला. “पूजा, ही बाई कोण आहे?”

पूजाने आईकडे पाहिलं. मग सचिवांकडे पाहिलं.

“वळखत न्हाई,” ती म्हणाली.

सुमनबाईने फाटकाच्या गजावरचा हात काढून घेतला.

आठ वर्षांच्या लेकराच्या तोंडून हे वदवून घ्यायचं आणि वर त्याला समाजसेवा म्हणायचं! माझं डोकं फिरलं.

“ती म्हणते, ओळखत नाही,” मी एमाला सांगितलं, नियमाप्रमाणे. मग म्हणाले, “आता माझं सांगते. ही तिची आई आहे, सकाळी माझ्याबरोबर एसटीने आली. आई असल्याचं पूजाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते गाळलं.”

एमा लालबुंद झाली. वॉचमनसमोर तिने हात पुढे केला. दुभाषी लागलाच नाही. त्याने किल्ली दिली.

फाटक उघडलं तरी पूजा जागची हलली नाही. सुमनबाई तिथेच मातीत बसली, तळहातावर काकवी ओतली आणि हात पुढे धरला. तेव्हा कुठे पूजा गेली. चाटता चाटता रडायला लागली.

“न्हाई म्हणलीस म्हणून काय झालं गं,” सुमनबाई म्हणाली. “माय हाय मी. कुठं जाती?”

मग एमाकडे बघत मला म्हणाली, “ही पोरगी एवढ्या लांबून आली. हिची माय वाट बघत आसंल की.”

हे मी शब्दन् शब्द एमाला सांगितलं.

एमा दुसऱ्या दिवशी निघून गेली. मला निरोप आला, उद्यापासून येऊ नका. मी बाल कल्याण समितीला सविस्तर पत्र लिहिलं. चौकशी झाली, बॅनर उतरलं, रविवारी आईबापांना फाटक उघडं झालं. पूजा अजून तिथेच आहे, कारण तोडीच्या दिवसांत तिला ठेवायला सुमनबाईला दुसरी जागा नाही.

आणि नियमाचं म्हणाल तर मी तो दोनदा मोडला. गाळलं, तेव्हा सचिवांनी स्पेशल चहा पाजून माझं कौतुक केलं. पदरचं घातलं, तेव्हा काम गेलं.