मुका डबा

तायपेच्या कॉम्प्युटर बाजारात, तिसऱ्या मजल्यावर, सरकत्या जिन्याच्या पाठीमागे को चिनथुचं दुकान आहे. दुकान कसलं, माणूस वळला तर कोपर भिंतीला लागेल एवढा कोनाडा. तरी फोटो आणि व्हिडिओचं काम करणारी माणसं विचारत विचारत तिथंच येतात. चिनथु बांधतो ते कॉम्प्युटर बुटांच्या खोक्यापेक्षा थोडेच मोठे असतात, आणि चालू आहेत की बंद, हे हात लावल्याशिवाय कळत नाही. बाजारात त्यांना मुका डबा म्हणतात. शेजारची पंखे आणि केबल विकणारी शिउलान खुद्द चिनथुलाही मुका डबाच म्हणते, आणि त्यात तिचं काही चुकत नाही.

माणूस खडूस. रंगीत दिव्यांचे पंखे मागणाऱ्या पोरांना तो मान वर न करता सांगतो, "जत्रा खाली भरलीय." ज्याला खरंच काम करायचंय त्याच्यापुढे मात्र स्टूल सरकवतो, पोलादी पट्टी काढतो आणि डबा मोजायला लागतो. डब्यात काय मावतं ते कागदावर वाचून ठरवायचं नाही, असा त्याचा खाक्या आहे.

चिनी पंचांगातला सातवा महिना, भुताखेतांचा, लागला होता. बाजाराच्या दारात टेबलं मांडली होती. फळं, बिस्किटं, उदबत्त्या, आणि हातपाय धुवायला पाण्याचं घंगाळ नि कोरा टॉवेल. महिनाभर मोकळ्या सुटलेल्या त्या पाहुण्यांचं खरं नाव कुणी घेत नाही, 'भले भाऊ' म्हणतात. माणसांचीही पूर्ण नावं या महिन्यात मोठ्यानं घेत नाहीत, आणि मागून नावानं हाक आली तर वळत नाहीत. भल्या भावांना नकला छान येतात.

त्या दिवसांत यूथुंग आली. केस कसेबसे बांधलेले, हातात स्कूटरचं हेल्मेट.

"काका, छोटा हवा. स्कूटरवर पायांच्या मधे बसला पाहिजे."

"करतेस काय?"

"गेलेल्या माणसांच्या फिल्म. अंत्यविधीच्या हॉलमध्ये लावतात त्या."

पलीकडून शिउलाननं मान काढली. "बरंय बाई, तुझं गिऱ्हाईक तक्रार तरी करत नाही."

"त्यांचे नातेवाईक करतात ना. परवा एक जण म्हणाला, बाबांचं पोट जरा आत घे."

चिनथु हसला नाही, पण त्यानं स्टूल पुढं सरकवलं. "देतात काय तुला?"

"जे असेल ते. फोनवरचे व्हिडिओ, जुन्या टेपांवरून उतरवलेलं, डाग पडलेले फोटो. सकाळी देतात आणि संध्याकाळी हॉलमध्ये हवं म्हणतात."

"मग प्रोसेसर सगळ्यात महागाचा घेऊ नकोस. एवढ्या डब्यात तो तापेल आणि दुपारपर्यंत बैलगाडी होईल. मधला घे, पण फोनवरचे व्हिडिओ उलगडायची सोय ज्याच्या पोटातच आहे, तो." त्यानं छोटा बोर्ड तिच्यापुढे धरला. "मेमरीला खाचा दोनच. मोठ्या पट्ट्या आत्ताच घाल, नाहीतर वाढवायच्या वेळी या काढून टाकाव्या लागतील. चालू काम एका डिस्कवर, बाकी सगळं दुसऱ्या. आणि ग्राफिक्स कार्ड हे आखूड. ते लांबडं बसेल असं खोक्यावर लिहिलंय, पण मग केबल वळवायला बोटभर जागा उरत नाही. केबल दाबून कोंबली की आतली हवा अडते, हवा अडली की पंखा ओरडतो."

"काका, तेच सांगायचं होतं. मला ओरडणारा पंखाच हवाय."

चिनथुचा हात पोलादी पट्टीवर थांबला. उभ्या जन्मात असं कुणी मागितलं नव्हतं.

"दिवसभर त्यांचे चेहरे समोर असतात," ती म्हणाली. "हसतात, केक कापतात. हेडफोन काढला की घर एकदम गप्प होतं, आणि या महिन्यात मला कुणी मागून हाक मारतंय असं वाटत राहतं. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा एवढा घरघरायचा की मेलं कुणी बोलावलं तरी ऐकू येत नव्हतं. मला तस्सा हवा."

"घरी आणखी कोण असतं?"

"आई. पलीकडच्या खोलीत. गुडघे गेलेत तिचे, पडूनच असते."

"मग नाही मिळणार," चिनथु म्हणाला. त्याचा आवाज एवढा चढला की शिउलानही चपापली.

यूथुंगलाही राग आला. "पैसे माझे आहेत काका. तुम्ही बांधून तर द्या, पंखा मी शेजारच्या मावशींकडून घेऊन घरी लावीन. चार स्क्रू तर आहेत." तिनं भाग ठरवले, तपासून बघायला आपला एक व्हिडिओ दिला, उद्या सकाळी येते म्हणाली आणि हेल्मेट उचलून गेली.

तिचं खरं होतं. चार स्क्रूच होते.

चिनथु पूर्वी लग्नांचे व्हिडिओ जोडायचा, घरीच. तेव्हाचं त्याचं यंत्र टेबलाखाली बसायचं आणि पिठाच्या गिरणीसारखं गरजायचं. बायको मेइचू सातव्या महिन्याचं सगळं काटेकोर पाळणारी. त्या महिन्यात ती त्याला नावानं कधीच बोलवायची नाही. जेवायला वाढलं की पळीनं पातेलं वाजवायची, नाहीतर "ए लठ्ठ्या" म्हणायची, आणि चिनथु तर काडीसारखा. असल्या एका दुपारी तो एका वरातीचं जोडकाम संपवत बसला होता. पंख्यांच्या घरघरीतून मागून हाक आली, "को चिनथु." पूर्ण नाव. बाईचा आवाज की पुरुषाचा, तेही नीट कळलं नाही. मेइचू असती तर तिनं नाव घेतलं नसतं. तो ताठ बसून राहिला, वळला नाही. पुन्हा एकदा हाक आली आणि मग आली नाही. काम उरकून पाणी प्यायला उठला तेव्हा मेइचू स्वयंपाकघरात जमिनीवर होती, एक हात दाराकडे केलेला. थोडं आधी आणलं असतं तर, एवढंच बोलून डॉक्टर थांबले.

घरात आवाज नसता तर त्यानं तो गळा ओळखला असता. ही गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नाही. लग्नांची कामं सोडली, बाजारात कोनाडा घेतला आणि मुके डबे बांधायला लागला. हाक मात्र सुटली नाही. दर वर्षी सातवा महिना लागला की सकाळी, बाजार उघडण्याआधी, तो शटर अर्धं वर करून बसला की मागून येते. तेच नाव, तोच थकलेला सूर. दर वर्षी तो ताठ बसून राहतो. त्याला भीती वाटते, आणि त्या महिन्याची तो वाटही पाहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा तयार होता. त्यानं शिउलानकडे तिचा सगळ्यात स्वस्त, सगळ्यात ओरडणारा पंखा मागितला.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा," शिउलान म्हणाली आणि पंखा त्याच्या हातावर ठेवला.

पंखा लावून त्यानं यूथुंगचा एक व्हिडिओ तपासणीसाठी चालवला. डबा घरघरू लागला. चिनथु दाराकडे पाठ करून बसला. ही हाकेची वेळ. घरघर कान भरून टाकत होती. थोडा वेळ गेला, आणखी गेला. हाक आली नाही. त्यानं न्याहारीची अंड्याची पोळी कागदातून काढली आणि सावकाश खाल्ली. कित्येक वर्षांत या महिन्यात सकाळचा घास त्याच्या घशाखाली असा सहज उतरला नव्हता. पोरगी म्हणते ते काही वाईट नाही, असंही त्याच्या मनात येऊन गेलं.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. शिउलान मागं उभी होती, कपाळावरून रक्ताचा ओघळ.

"ए मुक्या डब्या, बहिरा झालास काय? स्टुलावरून पडले मी. केव्हाची ओरडतेय, मला उचल म्हणून."

जखम मोठी नव्हती. चिनथुनं तिला पट्टी बांधली. मग त्यानं डब्याची तार उपटली, चारी स्क्रू काढले आणि पंखा टेबलाखालच्या कचऱ्यात टाकला.

यूथुंग आली ती भांडायच्या तयारीनं. डबा मुकाच पाहून तिनं तोंड उघडलं, तर चिनथुच आधी बोलला. पोलादी पट्टीशी चाळा करत, तिच्याकडे न बघता.

"माझ्या बायकोनं मला हाक मारली होती. याच महिन्यात, नाव घेऊन. माझ्या यंत्राचा असाच आवाज होता. मला वाटलं, भले भाऊ आहेत. मी वळलो नाही."

यूथुंगनं हेल्मेट काखेत धरलं आणि ती स्टुलावर टेकली.

"आईला सांग, नावानं बोलव म्हणावं. आणि प्रत्येक वेळी उठून बघ. भूत निघालं तर निघालं."

तिनं मान हलवली. चिनथुनं रिवाजाप्रमाणे डब्यावर खाऊची हिरवी पिशवी ठेवली, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून सगळेच ठेवतात तशी, आणि डबा तिच्या हातात दिला. जिन्यापाशी जाऊन ती थांबली, फोन काढला आणि म्हणाली, "आई, काही नाही गं. उठलीस का ते विचारायला केला."

बाजार उघडत होता. शिउलाननं नमुन्याचे दोन पंखे लावले होते आणि कपाळावरची पट्टी आरशात पाहत होती. चिनथु टेबल आवरत होता. तेव्हा पंख्यांच्या त्या मंद घरघरीतून, मागून, अस्पष्ट हाक आली.

"को चिनथु."

त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"ओ," तो म्हणाला, आणि वळला. मागं हातभरावर भिंत होती आणि भिंतीला टेकून रिकाम्या खोक्यांची चळत. "ओ. आलो, आलो."

"कुणाशी बोलतोस रे?" शिउलाननं विचारलं.

"मेइचू बोलावतेय," चिनथु म्हणाला. "नीट ऐकू येत नाहीये."

शिउलान उठली आणि तिनं आपले दोन्ही पंखे बंद केले.