बारा आठवडे आणि कच्चे टाके

परवा एका विद्यार्थिनीनं मला तिच्या प्रकल्पाचा आराखडा पाठवला. बारा आठवडे, बारा रकाने, आणि प्रत्येक रकान्यात काम वेळेवर पूर्ण. वाचून हसू आलं, कारण अगदी असलाच आराखडा मी कर्नाटकाच्या सीमेजवळच्या आमच्या मुरूमला, अप्पांच्या शिलाईच्या दुकानात बसून केला होता.

अप्पा म्हणजे माझे वडील. बाजारपेठेत त्यांचं छोटंसं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी बोलायचे मराठीत, पण मापं मोजायचे कानडीत. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी सुट्टीत आले की लॅपटॉप घेऊन त्यांच्या कटिंगच्या टेबलाचा एक कोपरा अडवायची. घरापेक्षा तिथं रेंज बरी यायची.

तेव्हा मला एकाच गोष्टीचं वेड होतं. ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही बघायला आणि सुधारायला मोकळा असतो, असल्या सॉफ्टवेअरवर विद्यार्थ्यांनी उन्हाळाभर काम करायचं आणि कुणीतरी अनुभवी माणसानं दुरून त्यांना शिकवायचं, अशी एक योजना होती. आराखडा पसंत पडला तरच प्रवेश. योजना फक्त विद्यार्थ्यांसाठी, आणि माझं शिक्षण तर आता संपत आलेलं. ही संधी गेली की गेलीच.

विषय मी गावातूनच उचलला होता. आमच्या वाचनालयात पुस्तकांच्या नोंदी असल्याच एका सॉफ्टवेअरमध्ये होत. टाइप करता करता लाइट गेली की अर्धी नोंद उडायची, आणि ग्रंथपाल काका डोक्याला हात लावून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे. आणि आमच्याकडं लाइट जायला काही मुहूर्त लागत नाही! तर लाइट गेली तरी नोंद टिकावी, एवढाच माझा प्रकल्प.

आराखडा मात्र मी कॉलेजच्या वळणानं केला. तिथं प्रॅक्टिकलची वही फेअर करून द्यावी लागे. खाडाखोड दिसली की सर अख्खं पान पुन्हा लिहायला लावत. चार वर्षांत ते अंगात मुरलं होतं. थोडा कोड लिहून झाला होता, पण लाइट गेली की तो नेमकी शेवटची ओळ गिळायचा. म्हणून तो मी कुणाला दाखवलाच नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची!

आराखडा मी योजनेतल्या मार्गदर्शक बाईंना पाठवला, आणि त्यांचं उत्तर आलं. आराखडा नीटनेटका आहे, त्यांनी लिहिलं होतं, पण माझा त्यावर विश्वास बसत नाही. एकाही आठवड्यात काही बिघडत कसं नाही? जेवढं झालंय तेवढं, मोडकं असलं तरी, सगळ्यांना दिसेल असं टाक. त्याशिवाय मी तुझी शिफारस करू शकणार नाही. मुदत संपायला तीन दिवस उरले होते.

मी चिडले. साऱ्या जगापुढं आपली फजिती मांडायची? त्यापेक्षा नाव मागं घेतलेलं बरं, असं ठरवून मी लॅपटॉप मिटला.

तेवढ्यात एक नवरदेव कोटाच्या ट्रायलला आला. अप्पांनी त्याच्या अंगावर कोट चढवला. एक बाही होती, दुसरी नव्हती. सगळीकडं पांढऱ्या दोऱ्याचे कच्चे टाके, पाठीवर खडूच्या रेघा. तसल्या अवतारात तो आरशापुढं ऐटीत उभा राहिला, आणि अप्पा काखेत बोट घालून बघत होते.

तो गेल्यावर मी माझा राग अप्पांवर काढला. "अप्पा, एका बाहीचा कोट माणसाला घालताव, लाज न्हाय वाटत?"

"लाज कशाची? त्याला बी ठावं हाय, आजून शिवायचाय म्हणून." त्यांनी काखेतला टाका ओढून काढला. "पुरा शिवून दिला आन् काखंत आवळला, मंग? तवा उसवलं तर कापड खराब व्हतंय. आत्ता उसवलं तर नुसता दोरा जातोय, माय."

मी लॅपटॉप पुन्हा उघडला.

शेवटची ओळ गिळणारा तो कोड मी तसाच सगळ्यांपुढं टाकला, आणि कुठं अडलंय तेही लिहिलं. मग आराखडा मोडून नव्यानं बसवला. तिसऱ्या आठवड्यात लिहिलं, इथं बहुधा अडकेन. सहावा आठवडा मोकळा ठेवला, फक्त उसवायला. बाईंनी माझ्या कोडात ढीगभर चुका काढल्या. पण निवड झाली.

त्या उन्हाळ्यात अप्पा रोज संध्याकाळी मशीन झाकताना विचारायचे, "ट्रायल झाली का?" कोड म्हणजे काय ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि त्यांनी तसं कधी लपवलंही नाही. पुढं नोकरी लागल्यावरही फोनवर पहिला प्रश्न तोच. ते गेल्याला दोन वर्षं झाली. दुकानाच्या जागी आता मोबाइलची ॲक्सेसरी मिळते. संध्याकाळी फोन वाजला की अजूनही मला क्षणभर त्यांचाच वाटतो.

त्या विद्यार्थिनीला मी लिहिलं, जेवढं झालंय तेवढं दाखव. तिचं उत्तर आलं, "मॅडम, अर्धवट आहे, लाज वाटते. पूर्ण झालं की दाखवते."

मी तिला त्या एका बाहीच्या कोटाची गोष्ट लिहिली आणि खाली अप्पांचं वाक्य जसंच्या तसं टाइप करून पाठवलं. आत्ता उसवलं तर नुसता दोरा जातोय, माय. पाठवण्याआधी त्या 'माय'वर, आमच्याकडं लेकीला लाडानं म्हणतात त्या शब्दावर, बोट थांबलं होतं. मॅडमनं असं लिहावं का? पण मी तो शब्द खोडला नाही.